केन्सिंग्टन मार्केटचं चित्र

टोरांटो, २९ सप्टेंबर

ती. आप्पांना साष्टांग नमस्कार.

"तिथं नुसतं ऑफिसच करतेस की ब्रशही हातात घेतेस?" असं तुम्ही विचारलंत, तेव्हा मागं पोरांचा दंगा चालला होता म्हणून नीट सांगता आलं नाही. घेते. सुटीच्या दिवशी जलरंग घेऊन केन्सिंग्टन मार्केटात जाऊन बसते.

मार्केट म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं मंडईची शेड येईल. तसं नाही. ही अरुंद गल्ल्यांची जुनी वस्ती आहे, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कामगारांसाठी बांधलेल्या घरांची. पुढं पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांनी घरापुढच्या अंगणात माल मांडला, मग अंगणावर छप्पर घातलं, आणि अंगणाचं दुकान झालं. महाद्वार रोडला वाड्याच्या पडवीत दुकान निघतं ना, तसंच. ज्यू उपनगरांत गेले, अझोर्स बेटांवरून पोर्तुगीज आले, मग कॅरिबियन, चिनी, लॅटिन अमेरिकन. ज्यानं त्यानं आपली पाटी लावली, घर मात्र तेच. १९२७ सालचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळही, बेलव्ह्यू चौकातल्या बागेसमोर अजून उभं आहे.

चित्राची गोम इथंच आहे. खाली ताडपत्रीपर्यंत पपया, केळी, जुन्या कपड्यांचे स्टँड. बघणारा तिथंच भुलतो. मला मात्र वरचा भाग सोडवत नाही: मळकट विटा, तिकोनी माळा, एखाद्या खिडकीत वाळत घातलेली चादर. खाली दुकानदारी, वर संसार. त्यामुळं कागद उभा धरते. तुमचं "आधी टोन, मग रंग", म्हणजे आधी उजेड-काळोख बसवायचा, अजून कानात आहे. ताडपत्रीखालचा काळोख अल्ट्रामरीन निळ्यानं आणि बर्न्ट अंबर तपकिरीनं आधी बसवते, संत्र्यांची जागा कोरी सोडते. पांढरं म्हणजे कोरा कागदच, पांढऱ्याची ट्यूब घरीच ठेवते, शपथ.

मासळीच्या दुकानात खारवलेला कॉड रचून ठेवलेला असतो, बोटानं टिचकी मारली तर वाजतो इतका वाळलेला. त्याचा रंग अजून सापडलेला नाही. पिवळा म्हणावा तर करडा, करडा म्हणावा तर उन्हात गुलाबी. शेजारचा फळवाला मला बसायला रिकामं खोकं देतो. मालाची गाडी आली की खोकं परत मागतो, आणि गाडी नेमकी माझ्या चित्रातल्या घरासमोर उभी करतो.

काल महिन्यातला शेवटचा रविवार. मे ते ऑक्टोबर या रविवारी इथं गाड्या बंद, रस्ता माणसांचा. ड्रम, नाच, मक्याची कणसं, सगळं होतं. चित्र काही झालं नाही. माणसं अंगावर येऊन बघतात. एक पोर्तुगीज आजी बराच वेळ उभी राहिली आणि खिडकीकडं बोट दाखवून म्हणाली, तिथं आम्ही राहायचो, पडदे हिरवे होते. मी हिरवे केले.

जवळच्या आर्ट गॅलरीत लॉरेन हॅरिस या कॅनेडियन चित्रकाराची चित्रं आहेत. त्याचे बर्फाळ डोंगर सगळ्यांना ठाऊक, पण तरुणपणी तो 'द वॉर्ड' या गरीब वस्तीतली घरं रंगवायचा. ती वस्ती पाडली गेली, तिच्या काही भागावर आता सिटी हॉल आहे. केन्सिंग्टनला २००६ साली राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. भाडी मात्र वाढतच चालली आहेत, जुनी दुकानं जाऊन कॅफे येताहेत. म्हणून मासळीवाल्याची गल्ली आधी उरकते आहे.

फोटो व्हॉट्सॲपवर पाठवते. डावीकडचं घर कललेलं दिसेल. ते खरंच कललेलं आहे, मार्क कापू नका. आईला नमस्कार.

तुमची,
मनू