पोथ्या वाचतील, रुमालांचे काय?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

हस्तलिखितांच्या डिजिटायझेशनवर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’ मिशन जाहीर झाले. एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची पाहणी, नोंदणी आणि जतन हे त्याचे उद्दिष्ट आहे. लेखाने त्याचे स्वागत केले ते रास्तच. पण लेखाबरोबरची सगळी छायाचित्रे पोथ्यांची होती, आणि मराठीपुरती गोम नेमकी तिथे आहे.

२००३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पांडुलिपी मिशनची हस्तलिखिताची व्याख्या अशी: हाताने लिहिलेले, किमान ७५ वर्षे जुने, शास्त्र, इतिहास किंवा कलेच्या दृष्टीने मोलाचे. पुढे तीच व्याख्या शिलालेख, फर्माने आणि महसुली कागद बाजूला काढते, कारण त्यांत ज्ञानविषय नसतो, घडलेल्या गोष्टींची नोंद असते. संस्कृत ग्रंथांपुरती ही वाटणी चालून जाते. मराठीत हाताने लिहिलेल्या कागदाचा प्रचंड मोठा हिस्सा दफ्तराचा आहे. पत्रे, रोजकीर्दी, ताळेबंद, महजर, निवाडपत्रे, इनाम-वतनाच्या सनदा, आणि हे बहुतेक मोडी लिपीत. पुण्याचे पेशवे दफ्तर झाले, देशमुख-कुलकर्ण्यांच्या घरांतल्या पेट्या झाल्या, पार तंजावरातले मोडी कागद झाले; यांतले किती या व्याख्येत बसतील? २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी धुंडाळायची वेळ आली, तेव्हा तालुक्या-तालुक्यात मोडी वाचकांची शोधाशोध झाली. ते कागद तरी कोणते होते? महसुली आणि जन्म-मृत्यूच्या नोंदींचेच.

नव्या मिशनने जुनी व्याख्या तशीच उचलली तर पोथ्या वाचतील आणि रुमाल, म्हणजे दफ्तराचे कापडात बांधलेले गठ्ठे, कसरीच्या तोंडी जातील. व्याख्या बदलली तरी दुसरी अडचण उरते. पोथीला नाव असते, कर्ता असतो, पहिले आणि शेवटचे पान असते. एक पोथी, एक नोंद, काम झाले. रुमालात हजारभर सुटे कागद असतात आणि त्यांचा अर्थ बराचसा शेजारच्या कागदावर अवलंबून असतो. नाव नसलेली एखादी यादी कोणत्या पुडक्यात, कोणत्या पत्राला लागून होती, यावरून ती कोणत्या परगण्याची ते कळते. उत्साहाच्या भरात कागद ‘विषयवार लावून’ मग छायाचित्रे काढली की हा धागा तुटतो. नंतर कितीही महागडा कॅमेरा आणला तरी तो परत जुळत नाही. म्हणून यादी आधी, कॅमेरा मागाहून. रुमाल सोडताना प्रत्येक थराचे मोबाइलने साधे छायाचित्र घ्यावे. कागद ज्या क्रमाने निघेल त्याच क्रमाने, पाठीमागच्या कोपऱ्यात, मऊ शिसपेन्सिलीने आकडा घालावा. बॉलपेन, स्टेपलर, टाचणी, चिकटपट्टी यांना त्या खोलीत थारा नको.

रुमाल उघडणाऱ्याने मास्क लावावा. बुरशीसाठी तर लावावाच, पण जुन्या संग्रहांत कीडनाशक म्हणून डीडीटीची भुकटी सर्रास टाकलेली असते. बुरशी किंवा भुकटी दिसली तर रबरी हातमोजे घालावेत. एरवी धुऊन कोरडे केलेले हात सगळ्यांत बरे; सुती मोज्यांत कागदाची फाटकी कड अडकते. शाई सुकवायला टाकलेली वाळू कित्येक मोडी कागदांवर अजून चिकटलेली असते. ती मऊ ब्रशाने मधून कडेकडे झाडावी, नाहीतर छायाचित्रासाठी वरून काच ठेवल्यावर तीच वाळू अक्षरे खरवडते. काजळाची शाई उन्हाने फिकी पडत नाही, पण ती कागदाच्या पृष्ठावर बसलेली असते आणि डिंकात कालवलेली असल्यामुळे पाणी लागताच पसरते. घडी पडलेला कागद ओल्या फडक्याने सरळ करणाऱ्यांची संख्या कमी नाही, म्हणून हे लिहावे लागते. लॅमिनेशनबद्दल तर एकच सांगणे: करू नका. उष्णतेने चिकटवलेले प्लास्टिक पुढे मूळ कागदाला इजा न करता निघत नाही. फाटलेल्या जागी पातळ जपानी टिश्यू आणि गव्हाच्या पिठाची खळ पुरते, आणि ती हवी तेव्हा सोडवता येते.

आता कॅमेरा. कागद आपोआप ओढणारा स्कॅनर जुन्या कागदासाठी बादच. मोबाइलची ‘स्कॅन’ ॲपेही नकोत, कारण ती चित्र काळे-पांढरे करून पार्श्वभूमी पुसतात आणि त्याबरोबर बोरूच्या बारीक रेघाही जातात. मोडीत आधी ओळभर रेघ ओढून तिला अक्षरे लटकवलेली असतात, हात उचलायचा तो क्वचित. एक बारीक रेघ गेली की शब्द बदलतो. साधारण २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा, ५० किंवा ६० मिमीची मॅक्रो लेन्स, उभा स्टँड आणि दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर एकेक एलईडी दिवा, एवढ्यावर उत्तम काम होते. ६००० बाय ४००० पिक्सेलच्या चौकटीत १५ बाय १० इंचांचा कागद इंचाला ४०० पिक्सेलने टिपता येतो. ३०० ही किमान पातळी. बारीक मोडीला ४०० बरे. छिद्र एफ ८, आयएसओ १००, व्हाइट बॅलन्स एकदा ठरवून कायम.

कॅमेरा कागदाला समांतर आहे का, हे पाहायची सोपी युक्ती आहे. पाटावर छोटा आरसा ठेवा. लेन्सचे प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्यावर आले की झाले. खिडक्या बंद, ट्यूबलाइट बंद आणि छताचा पंखाही बंद. मे महिन्यात हे जिवावर येते, पण पंख्याने कागद फडफडतो आणि स्टँडही थरथरतो. स्वस्त एलईडीने चित्रावर आडवे पट्टे उमटतात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे शटर १/५० किंवा १/२५ ठेवले तर पट्टे बहुधा जातात. तरीही राहिले तर दिवा बदलावा. चौकटीत मोजपट्टी आणि रंगतक्ता हवा, कागदाच्या चारही कडा दिसायला हव्यात.

कागदाची पाठ टिपायचीच, कोरी दिसली तरी. ‘बार’ झाल्याची, म्हणजे दफ्तरी नोंदीची, खूण पाठीवर असते, आणि बंदाला बंद (कागदाच्या पट्टीला पट्टी) चिकटवून केलेल्या लांब पत्रांच्या जोडावर शिक्का असतो. अशी लांब पत्रे टिपताना प्रत्येक चित्रात मागच्याचा चौथा हिस्सा पुन्हा यावा. संगणकावर ती जोडून एक चित्र करा, पण सुटी चित्रे टाकून देऊ नका, कारण जोडताना एखादी ओळ गिळली गेलेली सहज कळत नाही. एकाने कागद उलगडायचा, दुसऱ्याने टिपायचा. या पद्धतीने दिवसाला ३००-४०० चित्रे हा चांगला वेग आहे. त्याहून जास्तीचे लक्ष्य दिले की हमखास पाठी गळतात.

फाइलच्या नावात संग्रह, रुमाल, कागद आणि बाजू, एवढेच असावे, तेही रोमन अक्षरे व आकड्यांत आणि मोकळी जागा न सोडता. बाकीची माहिती तक्त्यात. तिथे सर्वांत जास्त गोंधळ तारखांचा होतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे शुहूर सन (जुन्या मराठी कागदांतली अरबी आकड्यांची कालगणना) ११६१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी १७६०-६१, पानिपताचे साल. शुहूर वर्ष मृगाला बदलते म्हणून दोन आकडे. फसलीचा हिशेब वेगळा, शकाचा वेगळा. पुष्कळ तक्त्यांत फक्त इसवी सन असतो आणि तो चुकला असेल तर पडताळायला काही उरत नाही. कागदावर जसे आहे तसे एका रकान्यात, रूपांतर दुसऱ्यात.

साठवण हा खर्चाचा खरा भाग. २४ मेगापिक्सेलची एक टिफ फाइल ७२ एमबीची होते. रुमालात हजार कागद धरले तर दोन्ही बाजूंची २००० चित्रे, म्हणजे १४४ जीबी, आणि ही एक प्रत. तीन प्रती हव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या गावी. प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइल बिघडली का हे दाखवणारा आकडा) काढून ठेवावा आणि वर्षातून एकदा ताडून पाहावा. हार्ड डिस्क पाचेक वर्षांनी बदलावी. पंधरा-वीस वर्षांपूर्वी ‘डिजिटायझेशन पूर्ण’ म्हणून कपाटात ठेवलेल्या सीड्यांपैकी किती आज उघडतात, हे ज्या त्या संस्थेने तपासून पाहावे. मोठ्यांनाही हे चुकलेले नाही. ब्रिटिश लायब्ररीचा ‘एन्डेंजर्ड आर्काइव्हज प्रोग्रॅम’ २००४ पासून जगभरचे धोक्यातले संग्रह टिपतो आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि हा खजिनाही वाचकांना बराच काळ बंद झाला. मूळ कागद ज्या देशाचे त्याच देशात राहावेत आणि एक डिजिटल प्रत तिथेही असावी, हा त्या कार्यक्रमाचा पहिल्यापासूनचा नियम. तो किती शहाणपणाचा होता हे तेव्हा कळले.

घराण्यांनी पेट्या का उघडाव्यात, हा प्रश्न लेखात आलाच नाही. त्यांना दोन भये असतात: कागद परत येणार नाही, आणि जमिनीच्या वादात तो कुणीतरी आपल्यावरच उलटवेल. मालीतल्या तिंबक्तूचे उदाहरण इथे कामाचे आहे. २०१२ मध्ये शहर सशस्त्र गटांच्या ताब्यात गेल्यावर अब्देल कादर हैदरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घराघरांतली लाखो हस्तलिखिते पत्र्याच्या पेट्यांतून बामाकोला हलवली. बामाकोची दमट हवा वाळवंटातल्या कागदांना सोसेना, तो उपद्व्याप वेगळाच. पण तिथे टिपलेला संग्रह आजही घराण्याच्या ग्रंथालयाच्या नावानेच नोंदवला जातो, त्यामुळे मालकी पुसली जात नाही. आपल्याकडेही छायाचित्रण मालकाच्या घरी किंवा गावातल्या वाचनालयात व्हावे, कागद किती दिवसांत परत मिळेल ते लेखी द्यावे, एक प्रत घराण्याला मिळावी, आणि ठरावीक वर्षे एखादा रुमाल बंद ठेवण्याची मुभा असावी.

म्हणून मिशनच्या पाहणी अर्जात ‘ग्रंथनाम’ आणि ‘कर्ता’ यांच्या जोडीला ‘दफ्तर’, ‘रुमाल क्रमांक’ आणि ‘अंदाजे कागद’ हे तीन रकाने घालावेत, आणि प्रत्येक जिल्ह्याच्या पथकात निदान एक मोडी जाणणारा असावा. पाहणी कोकणातून सुरू करावी. चिपळूणचे १८६४ पासूनचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर जुलै २०२१ च्या पुरात बुडाले, तेव्हा पाण्याने कपाटे निवडली नव्हती. तोवर ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांनी ती जमिनीपासून उंच आणि बाहेरच्या भिंतीपासून हातभर दूर ठेवावी. कागद भिजलेच तर उन्हात टाकू नयेत, इस्त्री तर मुळीच फिरवू नये. टीपकागदावर पसरून पंख्याच्या वाऱ्यात, पण झोत अंगावर न घेता, ४८ तासांच्या आत सुकवावेत. तेवढ्यात होण्यासारखे नसेल तर पिशव्यांत घालून सरळ गावातल्या आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीझरमध्ये ठेवावेत. गोठलेल्या कागदावर बुरशी थांबते आणि सुकवायला सवड मिळते.

आपले,
मोडी दफ्तरांच्या छायाचित्रणाचे काम करणारे काही वाचक, पुणे