तासांचा रकाना भरला, पण उजवा पाय? : नागरी उड्डाण मंत्र्यांना खुलं पत्र

माननीय मंत्री महोदय,
सादर नमस्कार.

मी लहान विमानांवर शिकवतो. एक इंजिन, दोन-चार सीट. रात्री वाऱ्यानं हलू नयेत म्हणून दोरांनी बांधून ठेवावी लागतात, तसली विमानं.

परवा माझा एक विद्यार्थी उतरण्यासाठी शेवटचं डावं वळण घेत होता. पाठीमागच्या वाऱ्यानं विमान धावपट्टीच्या रेषेपलीकडे ढकललं. एवढ्या खाली विमान जास्त कलवायची त्याला भीती वाटली, म्हणून नाक वळवायला त्यानं डाव्या पायानं रडर (शेपटीची उभी पट्टी वळवणारं पेडल) दाबला. नाक खाली गेलं, त्यानं हातातली स्टिक मागे ओढली. कल वाढतोय म्हणून ती उजवीकडे नेली. समोरच्या काचेच्या नळीतला बॉल उजव्या टोकाला जाऊन बसला (विमान वळणात घसरलं की तो मध्यातून सरकतो, आणि ज्या बाजूला जाईल त्या पायानं रडर दाबायचा असतो) आणि स्टॉलचा, म्हणजे पंखाची उचल तुटायला आल्याचा, भोंगा कुरकुरू लागला. मी कंट्रोल घेतला. अजून एक-दोन सेकंद गेले असते तर आतला पंख आधी स्टॉल होऊन विमान स्पिनमध्ये, म्हणजे गरगरत खाली, गेलं असतं, आणि खाली जेमतेम चारशे फूट होते. तेवढ्यात स्पिनमधून बाहेर पडता येत नाही.

खाली आल्यावर तो म्हणाला, "सर, स्पीड तर बरोबर होता."

त्याचे बावन्न तास पूर्ण आहेत. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना खाजगी परवान्यासाठी किमान ४० तास मागते, व्यावसायिकसाठी २००. मान्यताप्राप्त अभ्यासक्रम असेल तर ३५ आणि १५०. हे आकडे किमान आहेत, पण आमच्या धंद्यात किमान म्हणजेच पुरेसं धरलं जातं. स्टॉल वेगामुळे नाही, पंख आणि हवा यांच्यातल्या कोनामुळे होतो, हे तो लेखी परीक्षेत अचूक लिहून आलाय. उंची न गमावता साठ अंश कलून वळलं तर स्टॉलचा वेग सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढतो, हेही. पायाला मात्र ते कुणी शिकवलं नाही. सरावातले स्टॉल उंचावर, सरळ रेषेत, आधी सांगून होतात. अमेरिकेनं खाजगी परवान्यातून स्पिनचा सराव १९४९ मध्ये काढला, तो तिथे आजही फक्त होऊ घातलेल्या इन्स्ट्रक्टरना करावा लागतो. सगळ्यांना स्पिन शिकवा असा माझा हट्ट नाही, कारण सरावातही माणसं गेली आहेत. पण ही वळणातली चूक सुरक्षित उंचीवर, शेजारी इन्स्ट्रक्टर असताना, प्रत्येकाला एकदा तरी करून दाखवायला हवी.

ढगांचंही तेच. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात, उपकरणांवर उडवायचं न शिकलेल्या २० जणांना बाहेरचं दिसणं बंद करून उडवायला दिलं. सगळ्यांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत.

आणि शिकवतो कोण? बहुतेक वेळा एअरलाइनच्या नोकरीसाठी तास जमवणारा पोरगा. मीही तसाच होतो, आणि तेव्हा वाईट शिकवायचो. अनुभवी माणसानं शिकवण्यात टिकावं असा पगार आणि पद हवं. चूक कबूल करणाऱ्याचा परवाना लगेच धोक्यात येणार नाही, अशी नोंदीची सोयही हवी. नाहीतर परवाचं ते वळण तुमच्यापर्यंत कधी पोहोचणारच नाही.

त्या विद्यार्थ्याची फाईल माझ्या टेबलावर आहे. तासांचा रकाना भरलेला आहे, बॉलसाठी रकाना नाही. मी अजून सही केलेली नाही, आणि तो रोज सकाळी फोन करून विचारतो की नक्की काय राहिलंय.

आपला,
एक उड्डाण प्रशिक्षक