आईच्या गुन्ह्याचा क्रमांक मुलाच्या फाइलवर हवा

महोदय,

बेकायदा राहणारे बांगलादेशी मुंबई, ठाणे, नवी मुंबईत पकडल्याच्या बातम्यांत शेवटी 'महिला व मुलांसह' एवढा उल्लेख येतो. त्या मुलांचे पुढे काय होते, ते कळत नाही. कायद्याने मात्र ते तासांच्या हिशेबाने ठरवून दिले आहे.

१ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली. वैध पासपोर्ट किंवा व्हिसाशिवाय देशात शिरल्यास पाच वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पण आईच्या कडेवर बसून सीमा ओलांडलेल्या मुलाला बाल न्याय अधिनियम, २०१५ लागू होतो. मुलांना ताब्यात घेणे, डांबणे, शिक्षा देणे या बाबतींत त्याचे कलम १(४) इतर कायद्यांपेक्षा वरचढ आहे. त्यातला 'बालक' म्हणजे १८ वर्षांखालील कोणीही. नागरिकत्वाची अट नाही.

त्यामुळे छाप्यात सापडलेले मूल बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याकडे सोपवायचे आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत बालकल्याण समितीपुढे (काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणारी समिती) आणायचे. त्याच्यावर गुन्ह्याचा आरोप असेल तर बाल न्याय मंडळापुढे. कोठडी किंवा तुरुंग कोणत्याही परिस्थितीत नाही. पालकांची चौकशी संपेपर्यंत मुले ठाण्याच्या बाकावर बसून राहिली, तरी हे २४ तास थांबत नाहीत.

दुसरी अडचण वयाची. कलम ९४ नुसार आधी शाळेचा दाखला पाहायचा, तो नसेल तर जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची चाचणी. तीही आदेशापासून १५ दिवसांत. या चाचणीत दोन्ही बाजूंनी दोन वर्षांचा फरक पडू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच मान्य केले आहे. सोळा वर्षांची मुलगी अठराची ठरून महिला कारागृहात जाऊ शकते, इतका तो फरक मोठा आहे. म्हणून छाप्यात जप्त झालेल्या कागदांत पालिकेचा जन्मदाखला असेल, तर तो मुद्देमालात बांधण्याआधी त्याची प्रत समितीला द्या. त्या दाखल्याने नागरिकत्व मिळत नाही (३ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्याचे आई किंवा वडील बेकायदा स्थलांतरित असतील तर ते जन्माने मिळत नाही), पण वय आणि आईचे नाव दोन्ही सिद्ध होते.

सर्वांत मोठे नुकसान होते ते ताटातुटीने. आई एका तुरुंगात, वडील दुसऱ्या, मुलगा मुलांच्या बालगृहात, बहीण मुलींच्या आणि तान्हे बाळ शिशुगृहात, अशी एका घराची पाच ठिकाणी पांगापांग होऊ शकते. सहा वर्षांपर्यंतचे मूल कैदी म्हणून नव्हे, पण आईजवळ तुरुंगात राहू शकते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा निकाल आहे. अंगावर पिणारे बाळ तरी तिच्यापासून तोडू नये. मात्र तुरुंग ही मुलाची जागा नाही. घर चालवणाऱ्या आईला जामीन देताना न्यायालयाने हे जमेस धरावे, अशी आमची विनंती आहे.

पुढे पालकांची शिक्षा संपते आणि त्यांना सीमेवर नेले जाते. ही खबर बालगृहापर्यंत जातेच असे नाही, कारण मुलाच्या फाइलवर पालकांच्या गुन्ह्याचा क्रमांक नसतो आणि पालकांच्या आरोपपत्रात मुलाचा उल्लेख नसतो. मग त्या मुलाची नोंद 'पालक सापडत नाहीत' अशी होण्याचा धोका उभा राहतो. समितीच्या पहिल्याच आदेशात गुन्हा क्रमांक, पोलीस ठाणे, दोन्ही पालकांचे तुरुंग आणि भावंडांची बालगृहे लिहिली, तर हे टळेल. एका कागदाचे काम आहे.

राष्ट्रीयत्वाच्या पडताळणीसाठी बांगलादेशच्या उच्चायुक्तालयाला नेमका पत्ता लागतो : जिल्हा, उपजिल्हा, युनियन (काही गावांचा गट), गाव आणि शक्य तर नातेवाइकाचा फोन. बंगाली मुलांना घरचे 'डाकनाम' आणि कागदावरचे 'भालो नाम' अशी दोन नावे असतात. घाबरलेले मूल डाकनाम सांगते, मराठी हवालदार ते ऐकू येईल तसे लिहितो आणि तिकडच्या नोंदीत ते सापडत नाही. दुभाष्या बसवून दोन्ही नावे बंगाली लिपीतही लिहून घ्यावीत. आई आणि मुलांची पडताळणी एकाच पत्राने मागवावी, म्हणजे उत्तरे वेगवेगळ्या वेळी येणार नाहीत. मूल तस्करीतून आलेले असेल तर चौकशी वेगळी; तिथे घरी धाडण्याआधी ते घर सुरक्षित आहे का हे तपासावेच लागते.

गृह विभागाला आमची मागणी एवढीच : कोणत्याही स्त्रीची किंवा पुरुषाची हद्दपारी करण्याआधी 'तुमचे मूल भारतात कुठे आहे का?' हा प्रश्न त्यांच्या भाषेत विचारून उत्तर लेखी घ्यावे, आणि 'हो' असेल तर समितीचा आदेश येईपर्यंत त्यांना गाडीत बसवू नये.

— बालहक्कांच्या क्षेत्रात काम करणारे वकील व समाजकार्यकर्ते, मुंबई