युरोचा भाव बांधायचा म्हणजे

झुरिक

ती. अण्णांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

टॉवेलची ऑर्डर युरोत घ्यायची आणि पैसे हातात पडेपर्यंत भाव हलायचा, मग रिझर्व्ह बँक एकदाचा भाव बांधून का टाकत नाही, असं तुम्ही विचारलंत. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

इथल्या स्विस नॅशनल बँकेनं तेच करून पाहिलं. युरोप अडचणीत आला की जगाचा पैसा इथल्या चलनाकडे, फ्रँककडे धावतो. २०११ च्या ऑगस्टमध्ये फ्रँक चढत चढत जवळजवळ युरोच्या बरोबरीला आला. घड्याळं आणि यंत्रं परदेशी विकणारे हवालदिल झाले. ६ सप्टेंबरला बँकेनं जाहीर केलं की युरो १.२० फ्रँकच्या खाली जाऊ देणार नाही. त्यासाठी नवे फ्रँक काढून युरो घेत राहायचं, कितीही घ्यावे लागले तरी! तीन वर्षं भाव टिकला. मग युरोपीय मध्यवर्ती बँक प्रचंड रोखेखरेदीच्या, म्हणजे बाजारात आणखी युरो ओतण्याच्या तयारीत असताना, १५ जानेवारी २०१५ ला, आपल्याकडच्या गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, सकाळी साडेदहाला स्विस बँकेनं अचानक हमी काढून घेतली. काही मिनिटांत युरो एका फ्रँकच्याही खाली घसरला. आदल्या दिवशी सौदा केलेल्या कारखानदाराचं काय झालं असेल, ते तुम्हाला मी सांगायला नको.

पैशाला ये-जा मोकळी, चलनाचा भाव पक्का आणि व्याजदर आपल्या मर्जीचा, हे तिन्ही एकत्र नांदत नाहीत. डेन्मार्कनं आपलं चलन, क्रोन, युरोला बांधलंय, म्हणून त्यांचा व्याजदर फ्रँकफर्टच्या, म्हणजे युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या, मागे फरफटतो. स्विसांनी भाव सोडला, व्याजदर हातात ठेवला. महाग फ्रँकनं निर्यातदार पोळले हे खरं, पण २०२२ मध्ये युरो वापरणाऱ्या देशांत महागाई १० टक्क्यांवर गेली, तेव्हा इथे ती साडेतीनच्या आसपासच थांबली.

आपण मधला रस्ता धरलाय. माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात, आणि रुपया फार उसळला किंवा घसरला तर रिझर्व्ह बँक डॉलर घेते-विकते. मला हेच बरोबर वाटतं. रुपया युरोला बांधला आणि पैशाला मोकळं रान दिलं, तर तुमच्या कॅश क्रेडिट कर्जाचं व्याजही फ्रँकफर्ट ठरवेल.

तेव्हा पुढची ऑर्डर पक्की झाली की त्याच दिवशी बँकेत फॉरवर्ड बुक करा, म्हणजे पैसे येतील त्या तारखेचा युरोचा भाव आजच करारानं ठरवून टाका. नंतर युरो वाढला तर हळहळ वाटेल, पण सुताची बिलं आणि कामगारांचा आठवड्याचा पगार तरी ठरल्या हिशेबानं भागेल.

आईला नमस्कार.

तुमची,
धाकटी