पेडण्याच्या घराविषयी, पणजीहून

पणजी, शुक्रवार रात्र

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

आपल्या पेडण्याच्या घराचा एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा कागद, मिळाला, ती काळजी मिटली. मुक्कामाला या खेपेस हॉटेल घेतलं नाही. फोंतेन्हास या पणजीतल्या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या वस्तीत एका जुन्या घरात उतरले आहे. मालकीणबाई माडीवर राहतात, खालच्या तीन खोल्या पाहुण्यांना देतात आणि सकाळची न्याहारी स्वतः करून वाढतात. आज पोदेराकडची (पाववाल्याकडची) गरम पोय आणि अळसांद्याचं (चवळीचं) तोणाक, म्हणजे रस्सा, होतं. आई, अगदी तुझ्या हातच्यासारखं.

माझ्या खोलीच्या खिडकीला काच नाही, शिंपल्या आहेत. तळहाताहून लहान, पातळ चौकोन, लाकडी पट्ट्यांच्या खोबणीत सरकवलेले. बोट फिरवलं की पापुद्रे लागतात. सकाळचं ऊन त्यातून ताकावरच्या निवळीसारखं येतं. मी कितीतरी वेळ नुसती बघत बसले होते. फुटलेल्यांच्या जागी लावायला बाईंनी पाडलेल्या घरांतल्या शिंपल्या मागून आणल्यात आणि बिस्किटाच्या डब्यात कागदाच्या घड्या घालून जपून ठेवल्यात. आपल्या माजघराच्या खिडकीला काच बसवली, तेव्हा निघालेल्या शिंपल्या कुठे ठेवल्यास गं?

बाबा, मी मालकीणबाईंना खर्चाचं विचारलं. दर मे महिन्यात कौलं शाकारायची, आणि भिंतींना गिलावा चुन्याचाच. जांभ्याच्या भिंतीवर सिमेंट थापलं की ओल आत कोंडते. आपल्या मागच्या खोलीचे पोपडे म्हणूनच पडतात, आणि आपण उगाच कौलांना दोष देत होतो. हा सगळा खर्च त्या तीन खोल्यांच्या भाड्यातून निघतो. त्या म्हणाल्या, "घरांत मनीस जाय," घरात माणूस हवं. दुसरं काही म्हणाल्या नाहीत.

संध्याकाळी सां सेबास्तियांवच्या कपेलात, म्हणजे छोट्या चर्चमध्ये, जाऊन आले. 1818 चं आहे. तिथला क्रूस जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यातून आलेला, आणि त्यावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत. मग जवळच्या मळा भागातल्या टेकडीवरच्या मारुतीलाही गेले. पायऱ्या बऱ्याच आहेत. आई, तुला सावकाश न्यावं लागेल.

आता मनातलं लिहिते. पेडण्याचं घर विकू नका. राजांगणालगतच्या (आतल्या चौकालगतच्या) दोन खोल्या नीट करू, माणसं राहायला येतील. पैसे मी घालते, देखरेखही मी करीन. तुम्ही दोघांनी दिवाळीनंतर इथे चार दिवस येऊन राहायचं, मग काय ते ठरवा. बाबा, 1961 पर्यंतची तुमची प्रिमेर ग्रावची, प्राथमिक शाळेतली, पोर्तुगीज बाईंना ऐकायची आहे, मी कबूल करून बसले आहे. तुमच्या गुडघ्यासाठी खालचीच खोली सांगितली आहे.

घर घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला अजून होकार दिलेला नाही. उद्या पेडण्याला जाऊन दारं-खिडक्या उघडून येते. माळ्यावर शिंपल्यांचा डबा असला, तर फोन करते.

तुमची,
बाय