पायलट मामांना, तिसऱ्या माणसाकडून

मामा, सा. न.

नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडायचं नाही. 108 च्या रुग्णवाहिकेवर मागं डॉक्टर, पुढं पायलट म्हणजे ड्रायव्हर, अशी दोनच माणसं. त्यात आठवडाभर शिकायला मी तिसरी घुसणार होते. कॉलेजनं शिक्क्याचं पत्र हातात दिलं आणि ‘ॲप्रन, ओळखपत्र, बूट’ एवढं सांगून हात झटकले. आदल्या संध्याकाळी मी नुसती गाडी बघायला आले होते. तुमची ड्युटी संपत आलेली, हातात चहा. तरी मागचं दार उघडलंत.

“उद्या काय करणार हाईस?” मी धडाधड म्हणून दाखवलं: हृदय थांबलं तर छातीवर मिनिटाला 100 ते 120 दाब, 5 ते 6 सेंटिमीटर खोल, 30 दाबांना 2 श्वास. तुम्ही म्हणालात, “ते डॉक्टर बघतील. ग्लुकोमीटर कुठं हाय?”

साखर मोजायचं ते यंत्र कुठं ठेवतात, मला सांगता येईना. मग तुम्ही दिवा घालवलात आणि अंधारात एकेक वस्तू मागत सुटलात. सक्शनची नळी, मानेचा पट्टा, लहान मुलाचा मास्क. तासाभरानं हात आपोआप जायला लागला. स्ट्रेचरच्या चाकाचा खटका तर दहा वेळा लावून घेतलात. तेव्हा रागच आला होता, खरं सांगते.

ऑक्सिजनचं गणित मात्र कॉलेजात दोन तास ऐकून डोक्यात शिरलं नव्हतं. तुम्ही छोट्या सिलिंडरवर टिचकी मारलीत. “हा भरलेला दीड हजार लिटरचा. काटा निम्म्यावर, मिनिटाला दहा लिटर सोडलास, तर किती वेळ?” सव्वा तास. “आणि गगनबावड्यातनं पेशंट आणायचा झाला तर?” पंचावन्न किलोमीटर, त्यात पावसाळा. मी गप्प. तेव्हापासून गाडीत चढल्यावर आधी काटा बघते.

आणखी एक, जे कुठल्याच पुस्तकात सापडणार नाही. “नातेवाइकांसमोर ‘सीपीआर करतो’ म्हणू नको. कोल्हापुरात सीपीआर म्हणजे प्रमिलाराजेंचा दवाखाना. ‘मग चला की, थांबलाय कशाला’ म्हणून स्ट्रेचर ओढतील. ‘छाती दाबतोय’ म्हण.” हसून हसून पोट दुखलं. मिसळ हाणून यायचं नाही हेही बजावलंत. मागं आडवं बसून गाडी पळायला लागली की कट बाहेर येतो म्हणे. मी दुसऱ्या दिवशी पोहे खाल्ले. तेही जेमतेम राहिले.

पहिलाच कॉल शिवाजी पेठेतल्या बोळातला. आजी बेशुद्ध, घामानं लुगडं भिजलेलं. डॉक्टरांनी मागं न बघता हात पुढं केला आणि त्यांनी मागायच्या आत ग्लुकोमीटर मी त्यांच्या हातात ठेवला होता. साखर 41, फारच कमी. शिरेतून डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं पाणी, गेलं, काही मिनिटांत आजींनी डोळे उघडले आणि माझ्याकडं बघून विचारलं, “ही कोण गं?”

तुम्ही पुढच्या आरशातून हसताना दिसलात.

तुमची बॅटरी माझ्या बॅगेत राहिलीय. शुक्रवारी आणून देते.

तुमची,
तिसरी