एक ग्रामसभा गणपतीत घ्या

महोदय,

आमच्याकडे गावकीची सभा कधी तहकूब होत नाही. शिमग्याच्या पालखीचा विषय असला की देवळात पाय ठेवायला जागा नसते, न येणाऱ्या घराला दंडही बसतो. ग्रामसभा मात्र कोरमअभावी तहकूब! कोरम किती, तर मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातला कमी असेल तो आकडा. तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तीही अट नसते. मग पंधरा-वीस डोकी ठराव करतात आणि रजिस्टर सह्यांसाठी वाडीवाडीत फिरतं. नळाला हंडा लावून उभी असलेली बाई ओल्या हातानेच सही करते. कसली सही, विचारलं तर 'मागच्या सभेची' एवढंच उत्तर.

लोकांना आस्था नाही, असं म्हणून मोकळं होता येतं. पण ग्रामसभेच्या तारखा बघा. 1 मेला निम्मा गाव आंब्याच्या पेट्या भरण्यात. 2 ऑक्टोबरला हळवं भात कापणीला आलेलं, वर परतीच्या पावसाची धास्ती. आणि पुढच्या वर्षाच्या विकास आराखड्याची तयारी सुरू होते ती नेमकी याच दिवसांत. पैसा कुठल्या विहिरीला, कुठल्या पाखाडीला (दगडी पायवाटेला), ते त्यात ठरतं. 15व्या वित्त आयोगाने 60 टक्के निधी पाणी-स्वच्छतेला बांधून दिला, तरी तीन हजार मिलिमीटर पावसाच्या या जिल्ह्यात मे महिन्यात टँकर फिरतातच. वरच्या वाडीची विहीर कधी तळ गाठते हे तिथल्या बायकांना विचारावं. त्यासाठीच ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते. आमच्याकडे ती कागदावर होते.

सरपंचांना एरवीही ग्रामसभा बोलावता येते. एक सभा गणपतीत, गौरी जाण्याआधीच्या दुपारी घ्यावी. नाव गावच्या मतदारयादीत आणि बिऱ्हाड विरारला, असे चाकरमानी तेव्हा घरी असतात. कोरम मोजताना त्यांना धरतात, मग सभेलाही बसू देत. सणात वेळ कुणाला, असं रात्री दोनपर्यंत जाखडी नाचणाऱ्या गावाने तरी म्हणू नये. आराखड्यातली कामं आधीच वाड्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकावीत, म्हणजे माणसं आपसात बोलून येतील. आणि सभेत पहिल्यांदा मागचे ठराव वाचावेत: काय झालं, किती खर्च आला, काय राहिलं. आमच्या वाडीची पाखाडी दोन आराखड्यांत आली. तिथे अजून एक चिरा पडलेला नाही.

- एक ग्रामस्थ, ता. गुहागर, जि. रत्नागिरी